रुमालाची गाठ

१२ जानेवारी, रविवार. धारगळ.

आलो एकदाचे! डिचोलीहून नऊला निघालो आणि दुपारच्या आत घर लावूनही झाले. हायवे सोडून वर चढले की काजूच्या बागेत हे घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, मागे विहीर. मालक दुबईत, त्यामुळे कटकट नाही. काजूला मोहोर आला आहे, दारातच त्याचा वास येतो. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला नवी नोकरी मिळते ती उगाच नव्हे.

नोकरी अशी. पणजीच्या एका संस्थेला पेडणे तालुक्यातल्या साठीपुढच्या माणसांची पाहणी करायची आहे. विषय: ‘ज्येष्ठांमधील सौम्य स्मृतिदोष व त्यामागचे धोके’. म्हणजे म्हातारी माणसे विसरायला का लागतात. दहा धोक्यांचा एक तक्ता आणि तीस गुणांची परीक्षा. पाहणीची प्रमुख गौरवी, माझीच विद्यार्थिनी, नववीत भूमितीत काठावर पास. तिने मला विचारले, सर, तुम्हाला झेपेल ना? मी म्हटले, छत्तीस वर्षे पोरांच्या डोक्यात काय शिल्लक राहते तेच तपासत आलो, शून्ये तेव्हाही दिली, आताही देईन.

सुलोचना बरोबर आहे. बायकोला ठेवणार कुणाकडे? मुलगा देवेश बंगळूरला, त्याला आईबाप रविवारी पाच मिनिटे आठवतात. दीड वर्षापूर्वी सुलोचनाला झटका आला, उजवे अंग गेले आणि वाचा गेली. कळते मात्र सगळे, जरा जास्तच. मागची खोली गार आहे, तिथे तिची खाट लावली. उशाशी स्टीलचा पेला. तो भिंतीवर आपटायचा: एक टक म्हणजे पाणी, दोन म्हणजे मोरी, तीन म्हणजे ये. हे व्याकरण मीच बसवले. बोलती होती तेव्हा याच्या शंभरपट शब्दांत ती एवढेच सांगायची.

माझ्या साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा अजून तिच्याच उशाशी असतो. सकाळी आठ, संध्याकाळी आठ, डाव्या हाताने मोजून देते. चाळीस वर्षांची खोड. देऊ दे बापडीला.

१४ जानेवारी, मंगळवार.

पहिला बळी गोकुळदास, वय एकोणऐंशी, शेतकरी. आजची तारीख विचारली तर म्हणाला संक्रांत. साल विचारले तर म्हणाला, यंदा मिरची बरी झाली ते. शून्य, शून्य.

परीक्षेत मुख्य प्रश्न तीन शब्दांचा. तीन शब्द सांगायचे, इकडचे तिकडचे विचारायचे आणि पाच मिनिटांनी ते परत विचारायचे. शब्दांचा एकमेकांशी संबंध नसला पाहिजे, नाहीतर लोक गोष्ट रचून लक्षात ठेवतात. माझे शब्द: कोयता, अबोली, दिवा. पाच मिनिटांनी गोकुळदास म्हणाला, कोयतो, आबोली, आनी तुमच्या सदऱ्याचो वयलो बुतांव ना. वरचे बटण खरेच तुटलेले होते. पण मी बटण विचारले नव्हते. दोन गुण.

आणखी एक. इकडची माणसे तोंडातल्या तोंडात बोलतात. प्रत्येक उत्तर तीन-तीनदा विचारावे लागते. तक्त्यात ‘कमी ऐकू येणे’ हा धोका आहे, ‘नीट न बोलणे’ हा का नाही, असे गौरवीला कळवणार आहे.

१६ जानेवारी, गुरुवार.

आज शेजारची विनोदिनी. वय चौऱ्याहत्तर, शाळा दुसरीपर्यंत, नवरा वारलेला, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आज वार कोणता? तर म्हणे, पेडण्याचो बाजार. अहो पण वार? बाजार म्हणजेच वार, म्हणे. शून्य दिले. वजाबाकी येत नाही, घड्याळ काढता येत नाही. तीसपैकी सतरा.

लक्षात ठेवायची तिची पद्धत तर संग्रहालयात ठेवण्यासारखी. पदराला गाठी मारते. आज तीन होत्या. एक म्हशीच्या औषधाची, एक वाळपईच्या लेकीला फोन करायची, तिसरी कसली ते तिने सांगितले नाही. जाताना सुलोचनाच्या खोलीत शिरली आणि केसांना खोबरेल चोळून, वेणी घालून बाहेर आली. मग तिसरी गाठ सोडली. सुलोचना अर्ध्या तोंडाने हसत होती. वेणीला दहा मिनिटे लागली, तीही वाकडी.

१८ जानेवारी, शनिवार.

सकाळी सात मिनिटे उशीर झाला तर सुलोचनाने तीन टक, तीन टक करून घर डोक्यावर घेतले. गोळी. मी पाहणी करणारा माणूस, आणि अर्धे अंग गेलेली बाई मला औषध घ्यायची आठवण करते! विनोदिनीसमोर! ती पदर तोंडाला लावून हसली.

डबा काढून घेतला. माझ्या टेबलावर ठेवला. सुलोचना बराच वेळ डावा हात पुढे धरून होती, लहान पोर खाऊ मागते तसा. मी तिला सांगितले, स्मृतिदोष कुणाला आहे ते तक्ता ठरवील.

२० जानेवारी, सोमवार.

दुपारी पाहणीवरून परतलो तर सुलोचना उंबऱ्यावर पालथी पडलेली. खाटेवरून सरपटत माझ्या टेबलापर्यंत जायचे होते बाईसाहेबांना. कोपर सोलले आहे. दहा पावलांवर कठडा नसलेली विहीर, उद्या तिकडे गेली म्हणजे? बाहेरून कडी घालून कुलूप लावत जाणार. किल्ली करगोट्याला बांधली आहे, अंगावरची वस्तू हरवत नाही. मागची खिडकीही लावून घेतली, काजूतले डास येतात.

डब्यातली सकाळची गोळी घेतली की नाही याची शंका आली. खाने सारखी दिसतात. सुरक्षित बाजू म्हणून घेतली.

२३ जानेवारी, गुरुवार.

विनोदिनीचा माज उतरवायला हवा. आज पडवीत येऊन माझाच तक्ता हातात घेतला आणि वाचता येत नाही तरी पाठ होता म्हणून मलाच प्रश्न विचारू लागली. वय? साखर? रक्तदाब? झोपेची गोळी? मी दोनदा ‘काय?’ म्हटले तर कानाकडे खूण करून आणखी एक बोट मोडले. चालणे-फिरणे? कुणाशी मनातले बोलता? कुणाकडे जाता? घरी कोण येते? मी म्हटले, येण्यासारखे कुणी असावे लागते. त्यावर बोटे मोजून म्हणाली, धा-तले आठ तुमचेच, मास्तरांनू.

शिक्षण हा धोका मला नाही हे तिला कळणार कसे? मी दोन विषयांत पदवीधर आहे. शिकलेल्याचा मेंदू झिजत नसतो. तिला सांगून टाकले की पाहणी चालू असताना घरात येऊ नये, निष्कर्षांवर परिणाम होतो. ‘बायचे जेवण?’ म्हणाली. मी म्हटले, बायचा नवरा जिवंत आहे.

२७ जानेवारी, सोमवार.

फोन दोन दिवस सापडत नव्हता. तांदळाच्या डब्यात निघाला. इथल्या कुणाची तरी चेष्टा असणार. गौरवीचे सात मिसकॉल. उलटा फोन केला तर तिचे तेच, सर, बरे आहात ना. पोरींना अधिकार दिला की काळजीचे नाटक आधी येते.

सकाळी अकराच्या सुमाराला दरदरून घाम, हात थरथरतात, डोळ्यांपुढे पिवळे. साखर वाढली, दुसरे काय. गोळी घेतली. जरा आडवा झालो तो चारला उठलो. मागून तीन टक चालूच. भात नव्हता केला. दूध दिले. रागावली आहे, माझ्याकडे न बघता प्यायली. राग यायला काय लागते, उठून करायला लागते.

३० जानेवारी, गुरुवार.

पोदेराशी भांडण. हा पाववाला सकाळी सायकलचा भोंगा वाजवत येतो आणि चार उंडे ठेवून जातो. आज विचारले, बाबा रे, चार कुणासाठी? एका माणसाला दोन पुरतात. तो म्हणाला, आनी बाय? मी म्हटले, कुठली बाय? मग आठवले. आठवले म्हणजे विसरलो नव्हतो, बोलण्याच्या ओघात राहिले. पण शब्द फिरवला तर हे लोक डोक्यावर बसतात, म्हणून दोनच ठेव म्हटले. एक तिला दिला.

आज भिकाजीची परीक्षा. सावंतवाडीकडचा, पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता पिकअप. आमचे सामान यानेच आणले. उताराखालीच राहतो. मला शब्द आठवेनात. कोयता आणि दिवा, आणि मधला. कागद बघून सांगितला. परीक्षकाला कागद बघता येतो, परीक्षा देणाऱ्याला नाही, हा फरक आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार.

गौरवीचा फोन. म्हणे विनोदिनीचा तक्ता तुम्ही तीनदा पाठवला आहे आणि तिन्हींत गुण वेगळे. शिवाय एक तक्ता चुकून तुमच्याच नावाचा आला आहे, सर. कृष्णनाथ, वय अडुसष्ट, धोके आठ, गुण एकोणीस, पत्नीविषयीच्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’. हा तुम्ही भरलात का?

अक्षर माझे असले म्हणून काय झाले. कुणीतरी खोडसाळपणा केला. मी तिला ठणकावले की काठावर पास होणाऱ्यांनी तपासनिसाला तपासू नये. मग म्हणाली, पुढच्या सोमवारी मी स्वतः येते, सर, तोवर काम थांबवा, डॉक्टरांना बरोबर आणते. आण. त्यालाही दिवा, कोयता विचारतो.

घरात आवाज होतो. टक टक टक. कौलांवर खार असेल.

६ फेब्रुवारी, बाजाराचा दिवस.

विनोदिनीने दारात तमाशा केला. वाळपईला लेकीचे ऑपरेशन आहे म्हणून चार दिवस चालली होती, निरोप घ्यायला आली. मागच्या खिडकीला कान लावून आली आणि म्हणाली, बाय सकाळपासून उपाशी आसा. मला हुकूम सोडला, दार उघडा. उघडले. सुलोचना खाटेवर होती. चादर ओली. कशी पाहत होती माझ्याकडे. विनोदिनीने तिला पुसले, कपडे बदलले, पेज भरवली.

मग किल्ली मागितली. दिली नाही. माझ्या घराची किल्ली दुसरी पास बाईच्या हातात? तेव्हा तिने माझ्या खिशातला रुमाल ओढून काढला आणि त्याला गाठ मारली. पोराला समजवावे तसे तीनदा म्हणाली, गाठ दिसली की दार उगडा, बायक जेवण घाला, मगेच गाठ सोडा. परत गाठ मारा. सोमवारी मी येतंय. भिकाजीलाही सांगून जाते म्हणाली.

गेल्यावर खोलीत गेलो. सुलोचनाने डावा हात पुढे केला. मला वाटले पाणी हवे, तर तिने माझा हात धरून रुमालाच्या गाठीवर ठेवला. बराच वेळ दाबून धरला. मला तिची दया आली हे लिहून ठेवतो. थोडी स्वतःचीही. मग कुलूप लावले.

गोळी घेतली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. किंवा शनिवार.

रुमालाला गाठ. इस्त्रीच्या रुमालाला कुणी गाठ मारते? हे बायकी अडाणी प्रकार. सोडली.

आंघोळीच्या वेळी करगोट्याला किल्ली सापडली. कसली ते आठवेना. डिचोलीच्या कपाटाची असावी, ते कपाट तर विकले. कमरेला रुतते. म्हातारी माणसे निरुपयोगी वस्तू जमवतात, तेही स्मृतिदोषाचे लक्षण आहे, तक्त्यात दिले आहे. विहिरीत टाकली. डुबुक.

मागच्या खोलीला मालकाचे कुलूप आहे. आत काहीतरी वाजते. तीन, तीन, तीन. उंदरांना मोजता येत नाही म्हणतात.

८ फेब्रुवारी

भिकाजी आला. पडवीतूनच म्हणाला, वहिनी कशी आसत, विनोदिनीन बघूक सांगला. मी म्हटले, मी एकटा राहतो. तो गडबडला. मग मीच म्हटले, मुलाकडे गेली बंगळूरला. कुठून सुचले कोण जाणे, पण आवाज असा लागला, वर्गात लागायचा तसा, की त्याने मान डोलावली. मास्तर सांगतात म्हणजे खरे. छत्तीस वर्षांची कमाई! ह्यांना काहीही सांगा.

तो उताराखाली गेला. आतून वाजले. जोरात, पुष्कळदा. तो गाडी सुरू करत होता, त्याला ऐकू गेले नाही. मला गेले. कुत्र्याला हाकलतात तसे दारावर थाप मारून हाकलले. थांबले.

मग का कोण जाणे दारापाशी बसून राहिलो. खालून वास येतो. खोबरेलाचा. आणि दुसरा.

घाम. गोळी.

कोण आहे आत

रविवार असावा. फोन वाजला कुठेतरी. रविवारी कोण करतो —

संस्थेचा पत्ता हवा होता म्हणून वही पहिल्या पानापासून उघडली.

सुलोचना बरोबर आहे. मी लिहिले आहे. माझे अक्षर. मागची खोली गार आहे तिथे तिची खाट —

सुलू

अरे देवा मी काय केले. गुरुवारपासून. आज रविवार. तीन दिवस. दाराला लाथा मारल्या, हलत नाही, शिसवी दार, खिडकीला गज. सुलू म्हणून ओरडलो. आतून टक. एक. आहे. जिवंत आहे!

किल्ली विहिरीत. मीच. फोन वाजायचा थांबला, कुठे आहे फोन. तांदळात नाही.

भिकाजीकडे पहार आहे, गाडीत असते, मी पाहिली. खाली धावत जायचे, पहार आणायची, दार फोडायचे. डोके जागेवर राहील तोवर. लिहून ठेवतो. तीन शब्द.

पहार. भिकाजी. दार.

रुमालाला गाठ मारली. तीन गाठी. सुटणार नाहीत अशा. विनोदिनी बरोबर होती, सगळे बरोबर होते, मी शून्य. सुलू आलो. तू बोलायचीस तेव्हा मी कधी —

पाय लटपटतात. हात ओले. उतारावर पडलो तर संपले. साखर चढली. गोळी घेऊन निघतो, एक मिनिट —

तारीख

पोदेर आला नाही. किंवा येऊन गेला.

पडवीत झोप लागली होती. गोळ्या दोन घेतल्या. बरे वाटेल.

वहीत कुणीतरी गिचमिड केली आहे. पहार, भिकाजी, दार. शब्द कुणी निवडले हे? पहारेचा आणि दाराचा संबंध लागतो, कुणीही गोष्ट रचून लक्षात ठेवील. परीक्षेला निरुपयोगी. अक्षर भिकार. आणि सुलू सुलू. माझ्या वहीत कुठल्या म्हाताऱ्याने — गुण देण्याच्या लायकीचे नाही. शून्य.

रुमालाला तीन गाठी. गावंढळपणा. दातांनी सोडवाव्या लागल्या. सुटल्या.

आता शांत आहे.

टक

पुन्हा. पूर्वी तीनदा वाजायचे. आता हळू, आणि एकदाच. मी हे कुणाला तरी शिकवले होते. आठ दिवस लागले. थांबा, येते मला. मला येते. तीन म्हणजे ये. दोन म्हणजे मोरी. एक म्हणजे —